हलणारा हात

भाऊबीजेला थोरली धाकट्याला ओवाळते आणि त्याचे छायाचित्र मी काढतो, ही धाकटा पाळण्यात होता तेव्हापासूनची आमच्या घरातली रीत. चार वर्षांपूर्वी ती मी मोडली. कॅमेरा बिघडला आहे, असे सांगितले. बिघडला होता तो माझा उजवा हात.

सुरुवात फळ्यावर झाली. ओळीच्या शेवटाकडे माझे अक्षर मुंगीएवढे होऊ लागले. पाचवीतल्या एका पोराने अगदी निरागसपणे विचारले, "गुरुजी, खडू संपला का?" पुढे डॉक्टरांनी नाव सांगितले: पार्किन्सन. आपले वैद्य कंपवात म्हणतात. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडते. ते भरून काढायला लेव्होडोपाच्या गोळ्या. गंमत अशी, की हे लेव्होडोपा खाजकुइलीच्या बियांतही असते. शाळेत असताना ज्या कुइलीची कुसे मी मास्तरांच्या खुर्चीवर पसरली, तिच्याच द्रव्यावर आता मास्तर झालेल्या मी जगावे! देवाघरचा हिशेब फार चोख, हेच खरे.

या कंपाची एक खोड आहे. हात मांडीवर स्वस्थ पडला की तो थरथरतो. काही उचलायला पुढे झाला की घटकाभर गप्प बसतो. कादंबरीला त्याचा उपयोग नाही, तिला घटकाभर पुरत नाही. पण छायाचित्र सेकंदाच्या पाचशेव्या भागातही निघते! हे उमजायला मला दोन वर्षे लागली. मग सकाळची गोळी लागू झाली, की खिडकीच्या चौकटीला कोपर टेकून, श्वास धरून मी परसातल्या कर्दळीवरचे दव टिपू लागलो. दहातले दोन बरे येत. तेही मी कुणाला दाखवीत नसे. का काढतो, असे कुणी विचारले तर काय सांगणार?

अशात मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाईंविषयी वाचले. 1946 साली चरख्यापाशी वाचत बसलेल्या गांधीजींचे ते प्रसिद्ध छायाचित्र त्यांचे. त्या आधी त्यांना सूत कातायला शिकावे लागले होते म्हणतात. पुढे त्यांनाही याच दुखण्याने गाठले. 1959 साली मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी आपल्या या झगड्याची छायाचित्रे त्यांनी 'लाइफ' मासिकासाठी सहकारी आल्फ्रेड आयझनस्टाट यांना काढू दिली. जन्मभर भिंगामागे उभी राहिलेली बाई भिंगापुढे येऊन बसली! आणि मी? घरात कॅमेऱ्यावर खोटा आळ घेऊन बसलो होतो.

गेल्या भाऊबीजेला मी तो कपाटातून काढला. पण निरांजनाच्या उजेडाला पाचशेवा भाग कुठला पुरायला? पंधरावा लागतो. तेवढ्यात हाताने आपला गुण दाखवला. पडद्यावर पाहतो तो ज्योतीच्या तीन वाकड्या रेघा, आणि धाकट्याला चार कान!

"अहो, आता राहू द्या," सौभाग्यवती हळूच म्हणाल्या.

थोरलीने ते छायाचित्र बराच वेळ पाहिले. मग कॅमेरा माझ्या हातून घेतला. मी हात चटकन उपरण्याखाली नेला.

"बाबा, तसा नको," ती डोळ्याला कॅमेरा लावून म्हणाली. "मांडीवर ठेवा. हलू दे."

मी ठेवला.