सांध्याचा प्रतिध्वनि

माठ घेतांना तो बोटाच्या पेरानें वाजवून पाहण्याची विद्या मला आईनें शिकविली. आवाज खणखणीत आला तर घ्यावा, बद्द आला तर कुंभाराला परत द्यावा. या विद्येचा विस्तार किती मोठा झाला आहे, हें मात्र परवां एका जुन्या विद्यार्थ्यानें मला आपल्या कारखान्यांत नेलें तेव्हां कळलें.

त्यानें एका लांब पोलादी नळाभोंवतीं कडें बसविलें. हें कडें नळाला अगदीं सूक्ष्म पीळ देतें आणि तो पीळ लहर होऊन सेकंदाला सुमारें ३,२०० मीटर वेगानें धांवत सुटतो. सेकंदाला २०,००० हून अधिक कंपनें मनुष्याला ऐकूं येत नाहींत. हीं बहुधा त्याच्या पलीकडचीं. नळाच्या आंतल्या व बाहेरच्या पृष्ठांमध्यें कोंडलेली ही लहर कित्येक मीटर दूर जाते. जेथें धातूची जाडी बदलते तेथून तिचा कांहीं अंश माघारी येतो, आणि येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळतें.

पडद्यावर ठराविक अंतरानें शिखरें उमटलीं.

"अरे, हा तर जागोजागीं फुटला आहे!" मी म्हणालों.

"नाहीं सर, ते वेल्डिंगचे सांधे. तेथें धातु थोडा अधिक असतो. प्रतिध्वनि यायचाच."

"मग वाईट सांधा कसा ओळखायचा?"

"चांगला सांधा चहूंबाजूंनीं सारखें उत्तर देतो. एकाच बाजूला चीर किंवा झीज असली, तर पिळाच्या लहरीबरोबर नळाला वांकविणारी लहरहि परत येते. ती दिसली कीं तेवढी जागा जवळून तपासायची. नुसत्या प्रतिध्वनीवरून नळ मोडींत काढायचा नाहीं."

घरीं परततांना मला दादांची आठवण झाली. वडिलोपार्जित घराच्या वांटणीवरून आमचें बोलणें तीन वर्षें बंद होतें; पुढें जुळलें. पण घराचा विषय निघाला कीं दादा क्षणभर थांबतात, आणि सांधा उकलला असें समजून मी घाईनें निरोप घेतों. तें थांबणें जवळून तपासण्याचें धैर्य मीं कधीं केलें नव्हतें.

त्या संध्याकाळीं मीं फोन केला आणि घराचा विषय मुद्दाम काढला. दादा थांबले. या वेळीं मीहि थांबलों.

"परसांतल्या फणसाला यंदा फळ फार आहे," ते म्हणाले. "केव्हां येतोस?"