दिवसांची मोजदाद

लहानपणी आमच्या वाईच्या घरी दिवस मोजण्यात सगळ्याच बायका पटाईत होत्या. एकादशी कधी, संकष्टीचा चंद्र किती वाजता, कोणत्या सुनेला कितवा महिना, हे आजी पंचांग न उघडता सांगे. आणि घरात कोण 'बाजूला' बसले आहे व तिचा आज कितवा दिवस, हे तर शाळेतून आलेल्या पोरालाही ठाऊक असे. मागच्या सोप्यात एक घोंगडी, एक तांब्या, एक ताट. तीन दिवस तिथे बसायचे, चौथ्या दिवशी न्हायचे, पाचव्या दिवसापासून देवाधर्माला चालायचे. हिशेब इतका पक्का, की शरीर त्याच्याबाहेर वागेल ही कल्पनाच कुणाला नव्हती.

आक्काचे शरीर मात्र त्या हिशेबाबाहेर वागे. आक्का माझी थोरली बहीण. चौथ्या दिवशी न्हाऊन ती चुलीपाशी येई खरी, पण पुढेही आठ-आठ, दहा-दहा दिवस तिचे चालूच असे. सांगायची सोय नव्हती. सांगितले तर पुन्हा मागच्या सोप्यात! पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ती न्हाणीघरात कपडे धुई आणि माझ्या परकराखाली झाकून वाळत घाली, म्हणून मला ठाऊक होते. आईच्याही लक्षात आले असणारच. पण ती म्हणे, "आपल्या घरच्या बायकांचं असंच. माझंही असंच होतं." त्यावर बोलणे खुंटे.

आक्का जिना चढताना मध्येच भिंतीला हात लावून उभी राही. पाटीवरची पेन्सिल चोरून खाई, त्याला आम्ही भावंडे हसत असू. एकदा कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर ती घेरी येऊन पडली, तेव्हा तिची दृष्ट काढली. आमच्याकडे मुलग्यांचे घोळणेही उन्हाळाभर फुटत. कांदा हुंगवला, डोक्यावर पाणी थापले, की झाले. तीही घराची एक रीतच समजली जाई. १९६३ साली आक्का पहिल्या बाळंतपणात गेली. 'अंगावरून फार गेलं' एवढेच माझ्या कानावर आले. त्याहून अधिक कुणी विचारले नाही.

हे सारे मी विसरले नव्हते. पण कुठे तरी ठेवून दिले होते. गेल्या वर्षी पावसाळ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, पोरीची पाळी या खेपेला दहा दिवस चालली गं." नात तेरा वर्षांची. पाळी सुरू होऊन वर्षही झाले नव्हते. मी शहाणपणाने म्हटले, "अगं, पहिली दोन वर्षं असंच चालतं. आणि आपल्या घरच्या बायकांचं असंच असतं. तुझं नव्हतं का?" आईचे वाक्य माझ्या तोंडून जसेच्या तसे निघाले. लेकीलाही ते पटले.

दिवाळीच्या सुट्टीत नात वाईला आली. पहिल्या दिवशी मला वाटले, शहरातली मुलगी, उन्हात खेळत नाही, म्हणून फिकी दिसते. दुसऱ्या दिवशी पाहते तो ही फ्रिजमधला बर्फ कडाकडा चावत बसलेली. "काय गं हे?" म्हटले तर हसून म्हणाली, "आजी, मला बर्फ खाल्ल्याशिवाय राहवतच नाही." संध्याकाळी ती माडीवर निघाली आणि जिन्याच्या मध्यावर भिंतीला हात लावून उभी राहिली. माझ्या पोटात धस्स झाले. साठ वर्षांपूर्वीची ती पेन्सिल आणि तो हात!

मी तिला जवळ बसवून विचारले, "बाळा, आज कितवा दिवस?"

तिने बोटे मोजली. चौदावा होता. आमच्या घरात हा प्रश्न हजारदा विचारला गेला असेल. पण विटाळासाठी नव्हे, त्या मुलीसाठी विचारला गेल्याचे मला तरी आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी लेकीला बोलावून घेतले आणि आम्ही तिघी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनीही आधी मोजायलाच सुरुवात केली. पाळी किती दिवस? दिवसाला किती पॅड? तास-दोन तासांतच भिजते का? गाठी पडतात का? रात्री उठावे लागते का? मग मला विचित्र वाटणारे प्रश्न आले. नाकातून रक्त येते का? अंगावर उगीच निळे डाग पडतात का? दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का? घरात आणखी कुणाला? थोडा वेळ त्यांनी आम्हां दोघींना बाहेर बसवले आणि मुलीशी एकटीशी बोलल्या. तेही मला आवडले. वयात आलेल्या मुलीला आईसमोर सगळेच बोलता येत नाही.

मी माझे शहाणपण त्यांच्यापुढे मांडले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, तुमचं अर्धं बरोबर आहे." पहिली दोन-तीन वर्षे पाळी मागेपुढे होते, २१ दिवसांनी येते, कधी ४५ दिवसांनी. दर महिन्याला बीज सुटतेच असे नाही. ते सुटले नाही, की गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि मग वेळीअवेळी गळते. पण पाळी उशिरा येणे निराळे आणि आलेली पाळी न थांबणे निराळे. सात दिवसांपलीकडे गेली, तर वाट पाहायची नाही, डॉक्टरला दाखवायचे. आणि लागोपाठ दोन तास, तासाला एक पॅड भिजू लागले, चक्कर आली, छाती धडधडू लागली, तर दुसऱ्या दिवसाचीसुद्धा वाट पाहायची नाही. कारण साधे असेल, थायरॉइडचे असेल, रक्ताचे असेल. ते मागून शोधता येते. गेलेले रक्त मात्र गेलेलेच असते.

नातीचे हिमोग्लोबिन निघाले ८.२. तिच्या वयाला निदान १२ हवे. बर्फाची ती ओढही शरीरातले लोह संपल्याची खूण होती. पुढे पुण्यात रक्त गोठण्याच्या तपासण्या झाल्या, एक तर दोनदा झाली, आणि दुखण्याला नाव मिळाले: फॉन विलेब्रांडचा आजार. रक्त थांबवायला मदत करणारे एक प्रथिन तिच्यात कमी आहे. तो आनुवंशिक आहे. बायकांत येतो तसा पुरुषांतही येतो. मला एकदम आमच्या मुलग्यांचे घोळणे आठवले. मग लेकीने तपासून घेतले. तिचेही तेच निघाले. आम्ही पिढ्यान् पिढ्या जिला घराची रीत म्हणत होतो, तो आजार होता.

एरिक फॉन विलेब्रांड हे फिनलंडचे डॉक्टर. १९२४ साली ऑलंड बेटांवरची एक पाच वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आली. तिच्या घराण्याचा अभ्यास करून १९२६ साली त्यांनी हा आजार जगापुढे मांडला. ती मुलगी पुढे वयात आली आणि चौथ्याच पाळीत रक्तस्राव न थांबल्याने गेली. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. नातीला रक्तस्राव कमी करायला जी गोळी दिली, ती ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची. जपानमधल्या उताको ओकामोतो या बाईंनी आणि त्यांच्या पतीने ते औषध शोधले. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका मरू नयेत, हा त्या बाईंचा ध्यास होता. ते जगापुढे आले १९६२ साली. आक्का गेली त्याच्या आदल्या वर्षी. वाईपर्यंत ते एका वर्षात कसे पोचणार? आणि आक्काचे रक्त कुणी तपासले नव्हते, तेव्हा तिला हेच होते असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. फक्त, कुणी विचारलेच नाही, हे म्हणते.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या आपल्या दर शंभर मुलींत ५९ जणींना रक्तक्षय आढळला. त्याला आहार, जंत अशी पुष्कळ कारणे आहेत. पण त्यांतल्या कित्येकींना 'कितवा दिवस?' असे मायेने कुणी विचारलेच नसेल. बाजूला बसणे आमच्या घरातून गेले, फार चांगले झाले. मात्र त्याबरोबर मोजणेही गेले. आता मुलगी न्हाणीघराचे दार लावून घेते आणि आत काय चालले आहे ते आईलाही कळत नाही.

नात आता बरी आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, बर्फ सुटला आहे. तिच्या आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशेजारी लाल पेन्सिल टांगली आहे. बाबासुद्धा ते कॅलेंडर पाहतात आणि कुणाला काही वाटत नाही. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "आजी, सहावा दिवस. थांबली."

मी "बरं हो" म्हटले आणि फोन ठेवला. मग थोडा वेळ मागच्या सोप्यात जाऊन बसले. तिथे आता गव्हाची कोठी आहे.