पट्टीचा हिशेब आणि पहिला प्रोग्रॅम

प्रोग्रॅम म्हणजे यंत्राने काय करायचे याच्या क्रमवार सूचना. शाळकरी मुलांना त्या लिहायला शिकवताना पहिली अडचण यंत्राची नसते, समजुतीची असते. महाराष्ट्रात ‘कॉम्प्युटरचा क्लास’ म्हटले की पालकांना एमएस-सीआयटी आठवते. एमकेसीएलच्या या अभ्यासक्रमाने गावोगावच्या माणसांची की-बोर्डची धास्ती घालवली, हे मोठेच काम. मात्र त्यात शिकणारा दुसऱ्याने केलेली सोय वापरतो. प्रोग्रॅमिंगमध्ये सोय आपण करायची असते. दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडीचे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. तो कोड धडा मुलापर्यंत आणतो. प्रोग्रॅमिंगच्या तासाला प्रवास उलटा होतो: सांगायचे मुलाने, ऐकायचे यंत्राने.

हा विचार भारतीय शाळांना नवा नाही. 1984 मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात निवडक शाळांना ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. ते सुरू केले की समोर थेट बेसिक भाषेची ओळ उघडे आणि मुलाला काहीतरी सांगणे भागच पडे. आजच्या संगणकावर आधी चित्रांची रांग दिसते आणि हात आपोआप खेळाकडे वळतो. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात गावी, एकशिक्षकी शाळेत, मुलांना प्रत्येकी एक लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रात कासवाला सूचना देऊन चित्र काढून घेण्याची सोय होती. ती कल्पना 1967 च्या लोगो भाषेची, सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. पुढे आयआयटी मुंबईत ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही पाठ्यपुस्तके तयार झाली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम सुचवले. धोरण आले तरी वर्गातला प्रश्न उरतोच: पहिल्या दिवशी फळ्यावर काय लिहायचे?

सोलापूरहून विजयपूर रस्त्याने दक्षिणेला असलेल्या मंद्रूपसारख्या गावात पहिल्या दिवशी संगणक नसला तरी चालते. जेकार्ड मागावरचा एखादा जुना पुठ्ठ्याचा पत्ता हाती आला तर मात्र सोन्याहून पिवळे. सोलापुरी चादरीची नक्षी अशाच भोके पाडलेल्या पत्त्यांनी ठरत आली आहे. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एक पत्ता म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. फ्रान्समधील लियाँच्या जोसेफ मारी जाकार यांनी 1804 च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी तीच पत्त्यांची युक्ती घेतली. पत्ता ही प्रोग्रॅमची उपमा नाही, तो प्रोग्रॅमच आहे. ज्यांच्या घरचे कुणी सोलापुरात मागावर जाते, त्या मुलांना हे सांगावेही लागत नाही.

पत्त्यानंतर चौकटीची वही. एकाने आठ बाय आठ चौकोनांत मोर काढायचा आणि न दाखवता फक्त ‘भोक, कोरे, कोरे, भोक’ असे वाचत जायचे. दुसऱ्याने ऐकून चौकोन भरायचे. हमखास काही मोर उलट्या दिशेला तोंड करून उभे राहतात. डावीकडून वाचायचे की उजवीकडून, हे कुणी ठरवलेलेच नसते. पुढच्या खेपेला मुले आपणहून नियम ठरवतात. थोड्या वेळाने वाचणारा कंटाळतो आणि ‘सहा वेळा भोक’ म्हणतो. पुनरावृत्तीची सूचना इथे गरजेपोटी जन्मते. आधी व्याख्या देऊन ती कधीच एवढी पक्की बसत नाही.

यानंतर स्क्रॅच. अमेरिकेतील एमआयटीने 2007 मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. सूचनांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असल्याने टंकलेखनाच्या चुका होत नाहीत, आणि उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. एका संगणकापाशी चार-पाच मुले असतील, तर माउस धरणारा एकच असतो आणि बहुधा तो सर्वांत दांडगा मुलगा असतो. मुली मागे उभ्या. यावर सोपा नियम असा: ज्याच्या हातात माउस त्याने बोलायचे नाही, बाकीचे सांगतील तेवढेच करायचे. दर काही मिनिटांनी हात बदलायचा. प्रोग्रॅम सुरू करणारा हिरवा झेंडा दाबण्याआधी पडद्यावरचे मांजर कुठे जाऊन थांबेल ते प्रत्येकाने वहीत लिहायचे. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत तफावत पडली की शिकणे सुरू होते. अंदाजाशिवाय झेंडा दाबणारा मुलगा नुसता गंमत पाहत असतो.

आठवी-नववीत पायथॉनसारख्या लिखित भाषेकडे वळता येते. इथे उदाहरणे निवडण्यात शिक्षकाचे कसब लागते. बहुतेक पुस्तकांत दोन संख्यांची बेरीज असते. मुले ती मनातच करतात, मग यंत्र कशाला? मंद्रूपच्याच तालुक्यात, भीमा-सीना संगमावर, हत्तरसंग कुडल इथे शके 940 चा मराठी शिलालेख आहे. शकाचे इसवी सन काढायला 78 मिळवायचे. मुलाने 940 टंकले की पायथॉन तक्रार करतो, कारण ‘इनपुट’ने घेतलेले 940 त्याच्या लेखी संख्या नसून अक्षरे असतात, ‘इंट’ लावल्यावर 1018 येते. मग पाडव्याच्या आधीच्या दिवसांचा मुद्दा निघतो: एक जानेवारी उलटली की शक तोच राहतो, पण 79 मिळवावे लागतात. माघ-फाल्गुनाला 79, चैत्र ते मार्गशीर्ष साधारणपणे 78, आणि पौष बहुधा मध्येच तुटतो. ‘इफ’ची सूचना शिकवायला याहून चांगले निमित्त शोधावे लागत नाही. पौषाचे काय करायचे यावर वर्गात वाद झाला तर तो होऊ द्यावा. महिना पुरत नाही, तारीखही हवी, हे मुलांनीच काढले पाहिजे.

दुसरे उदाहरण कांद्याच्या पट्टीचे, म्हणजे बाजारातल्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदाचे. वजन गुणिले भाव, वजा हमाली, तोलाई, मोटारभाडे. असा कागद ज्या घरांत येतो, तिथली मुले तो वाचता वाचता पट्टी म्हणजे काय ते मास्तरांनाच समजावतात. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याची सोलापूर बाजारातली पट्टी देशभर गाजली: 512 किलो कांदा, किलोला 1 रुपया, खर्च वजा जाता हाती 2 रुपये 49 पैसे, आणि चेक 2 रुपयांचा. वर्गात हा हिशेब करताना आवाज जपून वापरावा; काही घरांत तो फक्त आकडा नसतो.

पायथॉनला 512 मधून 509.51 वजा करायला सांगितले, तर 2.49 येत नाही. 2.49 नंतर बारा शून्ये आणि मग एक 9 असे उत्तर छापले जाते. मुले दचकतात. कारण असे की यंत्र दोनच अंकांत मोजते आणि 509.51 हा अपूर्णांक त्या पद्धतीत नेमका मावत नाही, जसा एक तृतीयांश दशांशात मावत नाही. उपाय मुलांच्या आजोबांना ठाऊक असतो: पैशांत मोजा. 51200 वजा 50951, बरोबर 249. मग चेकचा प्रश्न. ‘इंट’ दशांशापुढचे सरळ कापतो, म्हणून 2.49 चे 2 होतात, 2.99 चेही 2 होतात. ‘राउंड’ 2.99 चे 3 करतो. कापायचे की जवळच्या पूर्णांकाकडे न्यायचे, हा निर्णय यंत्राचा नसतो, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा असतो, आणि तो कुणाच्या तरी खिशावर पडतो.

भाषेचा पेच मंद्रूपसारख्या कर्नाटक सीमेजवळच्या भागात तिहेरी आहे: घरात कानडी, शाळेत मराठी, पडद्यावर इंग्रजी. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून वजन, भाव, हमाली ही नावे देवनागरीतच देता येतात, आणि देवनागरी अंकांत टंकलेली संख्याही ‘इंट’ ओळखतो. पण ‘प्रिंट’, ‘इफ’ इंग्रजीतच राहतात, त्यामुळे प्रत्येक ओळीत कळफलक बदलावा लागतो आणि नवखे मूल वैतागते. सुरुवातीला रोमन अक्षरांत मराठी किंवा कानडी शब्द लिहिणे जास्त सोयीचे ठरते. चूक सांगणारा संदेश मात्र अनुवाद न करता आधी शांतपणे वाचायला शिकवावा, त्यातला ओळीचा क्रमांक पहिल्यांदा. चूक दाखवणाऱ्या लाल अक्षरांना मुले रागावणे समजतात, आणि घाईने सगळे पुसून पुन्हा लिहू लागतात.

मूल्यमापनात ‘प्रोग्रॅम म्हणजे काय ते लिहा’ हा प्रश्न टाळलेला बरा; पाठांतरात हुशार मुले तिथे पैकीच्या पैकी गुण घेतात. त्याऐवजी कागदावर सहा-सात ओळींचा प्रोग्रॅम द्यावा आणि तो काय छापेल ते विचारावे. दुसरा प्रश्न मुद्दाम बिघडवलेल्या पट्टीचा: भाव क्विंटलचा आणि वजन किलोत, तरी दोहोंचा थेट गुणाकार. असा प्रोग्रॅम विनातक्रार चालतो, कुठेही लाल अक्षर उमटत नाही आणि शेतकऱ्याला शंभर पट रक्कम मिळते. ती चूक कुठल्या ओळीत आहे ते शोधणाऱ्याला निम्मे गुण. उत्तर पाहताच ‘एवढा भाव कुठला?’ असे लिहिणाऱ्यालाही तेवढेच.