फाटकावर मिळणारी जागा

मुक्कामाची प्रत्येक जागा आधी आरक्षित झालेली असावी, या मताची मी बरीच वर्षं होते. घरात, ऑफिसात, नातेवाइकांच्या ग्रुपवर ते मत मी ठासून मांडायचे. आता ते तसं राहिलेलं नाही. काही जागा मुद्दाम आरक्षणाबाहेर ठेवायला हव्यात, असं मला वाटतं. हे कशामुळे झालं ते नीट लिहावंसं वाटतंय, कारण माझं आधीचं मतही उगाच तयार झालेलं नव्हतं.

त्याचं एक मूळ माझ्या कामात आहे. चाकणच्या एका कारखान्यात मी उत्पादन नियोजन बघते. कुठला पार्ट कुठल्या ट्रकमधून किती वाजता फाटकात यायचा, ते आमच्या तक्त्यात ठरतं. तिथे ‘बघू, आला की घेऊ’ चालत नाही. तासभर उशीर झाला तर लाइन थांबते आणि शंभर माणसं हात बांधून उभी राहतात. ज्याची वेळ ठरली त्याला जागा, हा हिशेब माझ्या अंगात मुरलेला.

दुसरं मूळ वशिल्यात. लहानपणी आईवडिलांबरोबर एका विश्रामगृहाच्या व्हरांड्यात आम्ही बॅगा घेऊन बसलो होतो. खोल्या रिकाम्या दिसत होत्या, पण “साहेब येणार आहेत” एवढंच उत्तर मिळालं. अंधार पडल्यावर वडिलांनी मुकाट्यानं बॅगा उचलल्या. त्यामुळे पुढे सगळं संकेतस्थळावर आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. कॉम्प्युटर कुणाचा भाचा ओळखत नाही. जो आधी पैसे भरेल त्याची खोली, मग तो कुणी का असेना.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा आमच्या घरी त्याची फार चर्चा झाली. राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी आणि अशा गाड्या रात्री उभ्या करायला पाणी, वीज, रस्ता असलेली पार्कं, अशी त्यातली कल्पना. आमचा पट्टा गाड्यांचाच. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर १९८७ पासून रस्त्यावर आहे आणि देशातल्या कितीतरी मोटरहोम तिच्याच सांगाड्यावर उभ्या राहतात. आमच्याकडे तसलं काही नाही. साधी सात सीटची गाडी आहे. मागच्या सीट पाडल्या की गादी पसरता येते आणि पाय लांब करता येतात. शेगडी, पाण्याचा कॅन, डबे एवढं घेतलं की आम्ही निघायला मोकळे. त्या वेळी मी म्हटलं होतं, पार्कं होऊ देत, फक्त सगळी आरक्षणावर चालू देत.

पण आम्ही ‘मोकळे’ असतो कधी? नवरा भोसरीच्या एमआयडीसीत, पार्ट बनवणाऱ्या एका युनिटमध्ये आहे. तिकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. विजेचा भार सगळ्या भागांवर एकाच दिवशी पडू नये म्हणून सुट्ट्या वाटून दिल्या, तेव्हापासूनची ही रीत. माझी सुट्टी रविवारी. दोघांना एकत्र दिवस मिळतो तो कुठल्यातरी गोंधळातूनच: एखादा पार्ट आला नाही म्हणून लाइन बंद राहिली, किंवा रविवारी कामावर बोलावून बदली सुट्टी दिली, किंवा त्याची नाईट अचानक फर्स्ट शिफ्टवर आली. हे कळतं आदल्या संध्याकाळी. फार तर दोन दिवस आधी. २०२१ मध्ये चिपचा तुटवडा होता तेव्हा तर सुट्ट्या वाऱ्यावर आल्यासारख्या यायच्या. चाकण, भोसरी, तळवडे, तळेगाव इथली हजारो घरं अशीच चालतात. महिनाभर आधी तारीख निवडून पैसे भरा, असं त्यांना सांगणं म्हणजे येऊ नका असं सांगणं.

हे मला कळत होतं, तरी मत हललं नव्हतं. आपली अडचण आपल्यापाशी, नियम सगळ्यांना सारखा, असं मी म्हणायचे.

पहिला तडा कामाच्या ठिकाणीच गेला. चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेला ट्रक आणि मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर उभे असतात. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला, क्लीनर चाकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून भात लावतोय, आरशाला टॉवेल वाळत घातलेला. कुणी चेन्नईहून आलेला, कुणी साणंदहून. गाडीतच राहणारी माणसं आमच्या भागात शोधायची तर ती हीच. त्यांना दुपारी दोनची वेळ देणारा तक्ता माझ्यासारख्यांनीच बनवलेला असतो आणि तो चांगलाच असतो. पण हजार किलोमीटर चालवून माणूस पहाटे चारला पोचला, तर चार ते दोन त्यानं कुठे थांबायचं, हे त्या तक्त्यात कुठेच नसतं. ट्रकच्या केबिनमध्ये एसी हवा, हा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना लागू झाला, ते फार बरं झालं. पण ती केबिन उभी कुठे करायची? वेळ ठरवून देणारी व्यवस्था चालते ती वेळेआधी, वेळेनंतर आणि वेळ न ठरवता येणाऱ्यांसाठी बाजूला जागा असेल तरच. हे मी रोज बघत होते आणि आरक्षणाच्या बाबतीत मला ते सुचत नव्हतं.

सुचलं ते पवनेच्या काठी. धरणाभोवती ठाकूरसाई, फांगणे या बाजूला गावकऱ्यांनी तंबूंचे तळ टाकलेत. शनिवारी तिथे उभं राहायला जागा नसते. आम्ही गेलो बुधवारी रात्री, ऐन वेळी, फोनबिन न करता. फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत साठीच्या घरातल्या मावशी बसल्या होत्या, मांडीवर लांब वही. त्यांनी गाडीचा नंबर लिहिला, माणसं किती ते लिहिलं, दोघांचे मोबाइल नंबर घेतले आणि पाण्यात उतरायचं नाही असं दोनदा बजावलं. मग मी विचारलं, शनिवारी असंच आलं तर? त्या म्हणाल्या, “शनिवारी बी दोन गाड्यांची जागा मी फोनवर देतच न्हाई. रात्री कुणी लेकरंबाळं घिऊन आलं तर त्याला कुठं परत लावू?” मी म्हटलं, पण मग ती जागा ओळखीच्यांना जात असेल. त्यांनी वही माझ्यापुढे केली. त्या दोन जागांच्या पानावर नावाआधी वेळ लिहिलेली होती. आठ-दहा. नऊ-चाळीस. “जो आधी उभा ऱ्हायला त्याची. पोरगा माझा आला तरी त्याला घरी झोपायला सांगते.”

त्या वहीनं माझे दोन्ही आक्षेप सोडवले. नोंद आणि आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तोवर धरलंच नव्हतं. नोंद हवीच. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं, त्यानंतर कुठे किती माणसं आहेत हे कुणालाच माहीत नसावं, असं म्हणण्याचं धाडस कुणी करू नये. पण नोंद फाटकावरही होते. आणि वशिला अडतो तो वेळ उघड्यावर लिहिली की. त्याला संकेतस्थळच लागतं असं नाही.

उलट संकेतस्थळाचाही एक वशिला असतो. माझी मामेबहीण कॅलिफोर्नियात राहते. तिथल्या स्टेट पार्कांत मुक्कामाचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं. नावाजलेल्या समुद्रकाठच्या जागा सकाळी खिडकी उघडताच संपतात. ज्याला सहा महिन्यांनंतरची आपली सुट्टी आज माहीत आहे आणि सकाळी स्क्रीनपुढे बसायला वेळ आहे, त्याची ती जागा. त्यातले कित्येक पुढे फिरकत नाहीत आणि आखलेला चौकोन रात्रभर रिकामा राहतो. यावर तिथे २०२३ मध्ये कायदा करावा लागला. तरीही काही पार्कांत ‘आधी येईल त्याला’ या जागा टिकून आहेत. बहीण सांगते, मधल्या वारी जायचं, आदल्या रात्रीचे लोक गाड्या हलवतात त्या दुपारच्या वेळेला पोचायचं, म्हणजे मिळते. मधला वार! आमच्या भोसरीचा गुरुवार तिकडे कामी आला असता.

मग कुठेही गाडी लावावी, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, तिथे वाटेल तिथे रात्र काढता येत नाही आणि येऊ नये. लोहगडही संध्याकाळी रिकामा करावा लागतो. जुन्नरकडे उसाच्या बांधाला गाडी लावून आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा शेतकरीदादा बॅटरी घेऊन धावत आले आणि आम्हाला गाडीसकट अंगणात घेऊन गेले. त्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते. तिथल्या बायका अंधार पडल्यावर एकट्या गोठ्यापर्यंतही जात नाहीत. कुंपण, दिवा, संडास आणि विचारायला एक माणूस एवढं असलेली जागाच मुक्कामाला हवी. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणामुळे खेड, मावळ, जुन्नरच्या शेतकऱ्यांना ते रीतसर करता येतं आणि अशी अंगणं मला सरकारी पार्काइतकीच मोलाची वाटतात.

आणि हे आपल्याला नवं थोडंच आहे? तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीत मुक्कामाला येते. दिंड्यांचे ट्रक पुढे येऊन राहुट्या टाकतात, कुणी कुठे उतरायचं ते वर्षानुवर्षं ठरलेलं असतं, त्यावरून कधी तंटाही होतो. इतकं सगळं ठरलेलं असून, कुठल्याच दिंडीत नाव नसलेल्या माणसांसाठी महापालिकेच्या शाळा उघडतात. आत जायला चिठ्ठी लागत नाही. मी आकुर्डीतच वाढले. आमच्या शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावलेली आणि वारकरी ओळीनं झोपलेले मी बघितलेत.

म्हणून कॅराव्हॅन पार्कं उभी करणाऱ्यांकडे माझं मागणं आहे: वीस गाड्यांची जागा असेल तर त्यातल्या चार-पाच फोनवर आणि संकेतस्थळावर देऊच नका. फाटकावर फळा लावा, किती रिकाम्या ते त्यावर खडूनं लिहा, आलेल्याची वेळ वहीत टाका आणि वही मागेल त्याला दाखवा. ऑफिसातल्या माझ्या सहकाऱ्याला हे पटत नाही. शनिवारी त्या पाच जागांसाठी फाटकावर पन्नास गाड्या येतील, असं तो म्हणतो. येतील. म्हणून फळ्याचा आकडा मोबाइलवरही दिसावा, म्हणजे वडगावला असतानाच माणूस वाट बदलेल. पण त्या पन्नासांतल्या पाच जणांना जागा मिळते आणि आजच्या पद्धतीत त्यांतल्या एकालाही मिळत नाही, यावर त्यानं अजून मला उत्तर दिलेलं नाही.