आरंभीची शिल्लक

आमच्या भाच्याला शहरं बसवायचा नाद आहे. लहानपणी तो काड्यापेट्यांची बसवायचा. आता नगररचनेची पदवी घेऊन संगणकावर बसवतो आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो. लॅपटॉपवर गावाचा नकाशा उघडायचा, एखाद्या प्लॉटवर टिचकी मारायची आणि बाण वर ओढायचा, की दोन मजल्यांचे सात मजले होतात. ना पाया खणायचा, ना शेजाऱ्याच्या भिंतीला तडा. तेवढ्यात बाजूच्या चौकटीत आकडे फिरतात. लोकसंख्या इतकी, घरं इतकी, रोजगार इतके, गाड्या उभ्या करायला जागा इतकी. आमच्या बँकेत व्हाउचर हलवायचं म्हटलं तर दोन सह्या लागतात. हा पोरगा एका हातात चहाचा कप धरून दीडशे कुटुंबं हलवतो.

या फिरणाऱ्या आकड्यांना त्यांच्यात मेट्रिक म्हणतात. (मी मॅट्रिक ऐकलं आणि 'कितव्या प्रयत्नात?' असं विचारणार होतो.) असली सॉफ्टवेअरं बरीच आहेत. एस्री या अमेरिकन कंपनीच्या आर्कजीआयएस अर्बनमध्ये तर मेट्रिकची आणि 'एक्झिस्टिंग कंडिशन्स'ची, म्हणजे आज जागेवर जे आहे त्याची, वेगळी तजवीजच आहे. मेट्रिक आपणच ठरवून द्यायचं. राहण्याच्या जागेत माणशी किती चौरस मीटर, दुकानात एका नोकरीमागे किती, असं दरपत्रक भरलं, की सॉफ्टवेअर क्षेत्रफळाला भाग देऊन माणसं काढतं. त्याला स्वतःचं मत नसतं. या बाबतीत ते आदर्श कारकून आहे. मात्र आज काय आहे ते आधी भरल्याशिवाय उद्याच्या आराखड्यानं काय वाढलं आणि काय घटलं, हे त्याला सांगता येत नाही.

"म्हणजे ओपनिंग बॅलन्स," मी म्हणालो.

भाच्यानं माझ्याकडे इतक्या आदरानं पाहिलं, की पुढे काहीतरी काम येणार हे मी ओळखलं. आलंच. "मामा, आपल्या पेठेचा तक्ता तुम्ही तपासून द्या ना. तुमची नजर हिशेबाची."

आता ही 'आहे ते आधी लिहा' कल्पना काही संगणकानं काढलेली नाही. आपल्या 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात कलम 25 त्यासाठीच आहे. विकास योजनेआधी जमिनीचं सर्वेक्षण करून सध्याच्या वापराचा नकाशा करावा लागतो. त्याच्याही कितीतरी आधी, 1915 साली, पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश गृहस्थ मुंबई इलाख्यातली गावं पायी हिंडत होता. आधी निदान, मग औषध, असा त्याचा बाणा. पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठानं त्याला समाजशास्त्राचा प्राध्यापक केलं. आणि निदान चुकलं की काय होतं, हेही मुंबईनंच पाहिलं. फेब्रुवारी 2015 मध्ये विकास आराखड्याचा मसुदा आला आणि त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले पाहून लोकांनी इतका गिल्ला केला, की एप्रिलमध्ये तो दुरुस्तीला परत गेला. सुधारलेला मसुदा यायला 2016 उजाडलं आणि अंमल सुरू व्हायला 2018.

तर मी दोन रविवार खर्ची घातले. आमच्या हिनं विचारलं, "बँकेनं आता रविवारीही वसुली सुरू केली का?" कारण हातात कागद आणि पेन घेऊन मी लोकांच्या दारात उभा राहत होतो आणि लोक मला पाहून मागच्या दारानं जात होते.

भाच्यानं तक्ता आधीच भरून ठेवला होता. जनगणनेचे आकडे वॉर्डाचे मिळतात, प्लॉटचे मिळत नाहीत. आणि तेही 2011 चे, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही, पुढची 2027 ची ठरली. तेव्हा त्यानं माणशी पंचवीस चौरस मीटर असा दर लावून पेठेची माणसं काढली होती. एकूण बेरीज वॉर्डाच्या आकड्याशी छान जुळत होती. त्यामुळे तो खूश होता. बेरीज पहिल्या झटक्यात जुळली की मला मात्र घाम फुटतो. वीस वर्षांच्या नोकरीनं दिलेली ही एकमेव व्याधी.

आणि तसंच निघालं. पहिल्या आळीत एक मोठा वाडा आहे, पाचशे चौरस मीटरचा. तक्त्यात तिथं वीस माणसं. प्रत्यक्षात तिथं एकट्या काकू राहतात. मुलं गेली, सुना गेल्या, भाडेकरू गेले. समोर तीनशे चौरस मीटरची चाळ. तक्त्यात बारा माणसं, प्रत्यक्षात एकतीस. आता मला सांगा, वीस अधिक बारा किती? बत्तीस. आणि एक अधिक एकतीस? कॉमर्सवाल्यांनी हसू नये. याला आम्ही कॉलेजात कॉम्पेन्सेटिंग एरर म्हणायचो. एक चूक दुसऱ्या चुकीला पोटात घेते आणि ट्रायल बॅलन्स सोज्वळ चेहऱ्यानं जुळतो. पण भाचा याच तक्त्यावरून संडास नि नळ वाटणार होता. म्हणजे काकूंच्या वाट्याला वीस माणसांचं पाणी आलं असतं आणि चाळीतली एकोणीस माणसं बादल्या घेऊन रांगेत राहिली असती, सालाबादप्रमाणे.

काकूंना मी तक्ता दाखवला. त्या म्हणाल्या, "वीस माणसं लिहिलीत? असू दे हो. खोडू नका." ती ओळ मी त्या दिवशी तशीच ठेवली आणि दुसऱ्या रविवारी, त्यांना न सांगता, दुरुस्त केली.

पुढे वापराचा रकाना. निवासी, वाणिज्य, की मिश्र? आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जूनमध्ये छत्र्या, ऑगस्टमध्ये राख्या, दिवाळीत आकाशकंदील आणि मार्चमध्ये गाइडं मिळतात. रात्री साडेदहानंतर शटर अर्धं ओढून मालक तिथंच झोपतो. हा वापर वेळ पाहून सांगावा लागतो. जिन्याखाली एक शिंपी बसतो. रोजगार दुकानाच्या क्षेत्रफळावरून निघतात आणि जिन्याखाली क्षेत्रफळ धरत नाहीत. म्हणून गेली तीस वर्षं हा माणूस बेकार आहे आणि पेठेतल्या निम्म्या पँटी उसवून सैल करतो आहे. भाजीवाल्या मावशींचं तर याहून अवघड. त्या रस्त्यावर बसतात, आणि रस्ता प्लॉट नव्हे. जिथं प्लॉट नाही तिथं ओळ नाही, आणि ओळ नाही म्हणजे मावशी नाहीत. 2014 च्या फेरीवाला कायद्यात फेरीवाल्यांचं सर्वेक्षण करायला सांगितलं आहे. पण ते बाड वेगळं आणि हे बाड वेगळं.

रिकाम्या चौकटींवरून आमचं वाजलं. भाच्याला माहिती मिळाली नव्हती तिथं त्यानं शून्य टाकलं होतं. मी म्हटलं, "बाबा रे, खात्यात शून्य शिल्लक असणं वेगळं आणि खातं कुणी पाहिलंच नसणं वेगळं." त्याला हे पटलं. पण खरी मेख मारुतीच्या देवळामागच्या प्लॉटपाशी होती.

त्या प्लॉटचे मालक परगावी आणि भावाभावांत कज्जा. तक्त्यात लिहिलं होतं : रिकामा. मी तिथंच अडून बसलो. सकाळी तिथं कुरडया वाळतात, दुपारी गाढवं उभी असतात, संध्याकाळी क्रिकेट चालतं. भाद्रपदात मांडव पडतो, मुहूर्त असला की पंगत उठते. आमच्या पेठेत याच्याइतकं भरलेलं दुसरं ठिकाण नाही.

"पण मालकी खाजगी आहे, मामा. क्रीडांगण म्हणून दाखवता येत नाही."

"मग काय दाखवतोस?"

त्यानं बाण वर ओढला. सात मजले उभे राहिले. घरं वाढली, रोजगार वाढले, पार्किंग वाढलं. सगळे आकडे हिरवे. काहीच घटलं नाही. घटणार कसं? जे जाणार होतं त्याची आरंभीची शिल्लकच कुणी लिहिली नव्हती. बँकेत एवढ्या बेमालूमपणे खातं साफ झालं असतं तर चौकशी लागली असती.

पोरगा मुळात गुणी. बराच वेळ पडद्याकडे पाहत बसला आणि मग म्हणाला, "मालकी बदलता येणार नाही, पण मेट्रिक नवीन घालता येतं." आणि त्यानं घातलं : 'प्रत्यक्ष वापरातली खेळायची जागा'. क्षेत्रफळ नकाशात होतंच. खेळणारी डोकी मोजायला आम्ही संध्याकाळी सहाला प्लॉटवर गेलो. कप्तान साधारण अकरा वर्षांचा.

"किती जण रे तुम्ही?"

"चौदा," तो म्हणाला. "आणि दोन कच्चे लिंबू."

"मग सोळा की चौदा?" भाच्यानं पेन वर धरलं.

"खेळतात, पण मोजत नाही," कप्तानानं त्याला समजावून सांगितलं. त्याच्या आवाजात अडाणी माणसाशी बोलतानाचा धीर होता. सीमेवर उभे असलेले दोन कच्चे लिंबू आमच्याकडे बघत होते. भाच्यानं सोळा लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रामाणिकपणे नोंद केली : पैकी 2 कच्चे लिंबू.

आता सात मजले उभे केले की हिरव्या आकड्यांत एक लाल आकडा येतो. तक्ता साहेबांकडे गेला. साहेब दिल्लीकडचे. काल त्यांचा फोन आला, की शेरा पाहिला. प्लॉटवर लिंबाची दोन झाडं असतील तर ती वृक्षांच्या मेट्रिकमध्ये दाखवा.

भाचा रात्री लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. "मामा," तो हळूच म्हणाला, "दाखवू का? झाड तोडायला निदान परवानगी तरी लागते."