सुतळीनं मोजलेली गाडी

भाच्याला सिरॅक्यूजमध्ये नोकरी लागली, तेव्हा मला तिथे अकरा वर्षं झाली होती. 2009 चा ऑक्टोबर होता. बारा हजार डॉलरमध्ये बसतील अशा दोन वापरलेल्या गाड्या त्यानं हेरून ठेवल्या होत्या: 2003 ची निस्सान 350झेड आणि 2002 ची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स. दोन्ही गिअरच्या. पुण्याच्या रस्त्यांवर क्लच शिकलेल्या मुलाला ऑटोमॅटिक नकोच होती.

आधी झेड बघितली. दोनच दारं, दोनच सीट, बसलं की पाय लांबवर पसरतात आणि रस्ता हाताच्या अंतरावर आल्यासारखा वाटतो. 3.5 लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन, 287 अश्वशक्ती, आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. हायवेच्या रॅम्पवर त्यानं तिसरा गिअर टाकला तेव्हा त्याचा चेहरा मी बघत होतो. त्याचं मन त्या गाडीत गुंतलं होतं.

डिकी उघडल्यावर मात्र तो गप्प झाला. सीटच्या मागे, सामानाच्या जागेत, आडवा जाड दांडा. गाडीचा सांगाडा वळणावर पिळू नये म्हणून बसवलेला. कामाचा, पण मोठी बॅग त्याला अडते. टायर उन्हाळी होते. असलं रबर साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली कडक होत जातं आणि पकड सोडतं. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे पुढचे मागे फिरवून झीज सारखी करण्याची सोयही नाही. ऑन्टारिओ सरोवरावरून येणारे ढग या शहरावर वर्षाला शंभर इंचांहून जास्त बर्फ टाकतात. झेड घ्यायची तर हिवाळ्यासाठी टायरचा वेगळा सेट हवाच, आणि तरी भाच्याच्या घराजवळचा चढ होताच.

डब्ल्यूआरएक्स दिसायला साधी. चार दारं, बॉनेटवर हवेसाठी उंचवटा, आत प्लास्टिकच प्लास्टिक. पण आडव्या सिलिंडरांचं 2 लिटरचं टर्बो इंजिन 227 अश्वशक्ती देतं आणि ती चारही चाकांना पोचते. टर्बो फिरायला लागेपर्यंत गाडी जरा सुस्त, मग पाठीत ढकलल्यासारखी सुटते.

ही गाडी आम्ही ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवली. रस्त्यावरच्या मिठानं गंजलेल्या जागा त्यानं टॉर्चनं दाखवल्या, वरवरच्याच होत्या. मग त्यानं सुतळी काढली, एकेका टायरभोवती गुंडाळली, खूण केली, फुटपट्टीवर ताणली. तीन टायर सारखे झिजलेले, चौथा कोरा, आणि घेरात जवळजवळ एक इंचाचा फरक. सुबारू पाव इंचापर्यंतच चालवून घेते. घेर वेगळा असला की चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात, मधला डिफरेन्शियल सरळ रस्त्यावरही सतत झिजत, तापत राहतो. शिवाय 98,000 मैल झाले होते आणि टायमिंग बेल्ट 1,05,000 ला बदलायचा. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. झेडला साखळी असल्यामुळे तो खर्च नव्हता.

"मामा, मग तूच सांग."

मी सांगितलं नाही. रोज पहाटे गाडी काढायची ती त्याला. रात्री फोन आला: मालक टायर आणि बेल्टचे पैसे कमी करायला तयार होता. सुबारू ठरली. वाचलेल्या पैशांत त्यानं बेल्ट बदलला आणि चार हिवाळी टायर घेतले. मला ते थोडं जास्तच वाटलं होतं. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला आणखी कशाला?

पहिला मोठा बर्फ पडला त्या रविवारी एका मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आम्ही आपापल्या गाड्या नेल्या. ताशी 20 मैल, खांबापाशी ब्रेक, मग पावलं मोजायची. माझी पुढच्या चाकांवर चालणारी सेडान बारमाही टायरवर सत्तावीस पावलं घसरत गेली. त्याची अठरा पावलांत थांबली. निघताना चार चाकांची ताकद कामी येते. थांबताना ब्रेक दोन्ही गाड्यांना चार चाकांवरच होते, फरक बहुतेक रबराचा होता.

सोमवारी मी माझ्या सेडानसाठी चार हिवाळी टायर सांगितले.