सोडियमच्या नकाशातला गर्दीचा चौक

बॅटरीच्या धंद्यात कोण काय करतंय, हे कळायला आम्ही आजवर काय करायचो? प्रदर्शनांना जायचं, पिशवीभर कॅटलॉग आणायचे, कुणाच्या तरी ओळखीतून आतली बातमी काढायची आणि एक्सेलची शीट वाढवत न्यायची. कंपनी, देश, उत्पादन, शेरा. शीट लांबत गेली, समज होती तेवढीच राहिली. आणि मग तीच शीट मी गेफीत टाकली! खरं सांगतो, रात्री दोन वाजता घरच्यांना उठवून दाखवावंसं वाटलं. (उठवलं नाही. संसार टिकवायचाय.)

गेफी हे फ्रान्समधल्या काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, अगदी फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. एक बिंदू म्हणजे एक कंपनी, एखादं विद्यापीठ किंवा एखादं तंत्र. ज्यांचा एकमेकांशी संबंध, त्यांच्यात रेघ. बटण दाबलं की बिंदू एकमेकांना ढकलायला लागतात आणि रेघा त्यांना जवळ ओढायला लागतात. काही क्षण पडद्यावर दहीहंडीच्या गर्दीसारखी नुसती रेटारेटी! आणि बघता बघता ज्याचा त्याचा घोळका वेगळा होऊन उभा. कोण वर आणि कोण खाली याला काही अर्थ नसतो. कोण कुणाच्या जवळ आहे तेवढंच बघायचं.

विषय घेतला सोडियम-आयन बॅटरीचा. पेटंटांच्या वर्गवारीत एच०१एम १०/०५४ हा कोड लावला की लिथियमखेरीज इतर धातूंच्या बॅटऱ्या बाजूला निघतात. लेन्स आणि एस्पासनेट या पेटंट शोधायच्या दोन्ही संकेतस्थळांवर हा शोध फुकट घेता येतो. त्यानंतरचं काम मात्र महाकंटाळवाणं, नावं साफ करण्याचं. एकच कंपनी एका अर्जात पूर्ण नावाने, दुसऱ्यात आद्याक्षरांनी आणि तिसऱ्यात उपकंपनीच्या नावाने. ती जुळवली नाहीत तर एका कंपनीचे तीन बिंदू होतात आणि सगळा नकाशा खोटा बोलतो.

कॅथोड (सेलचं धन टोक) कशाचा, या प्रश्नावर तीन वस्त्या पडल्या. एकीत थरांच्या ऑक्साइडवाले: २०११ मध्ये ब्रिटनच्या शेफील्डमध्ये निघालेली फॅराडियन, चीनची हायना. दुसरीत प्रशियन ब्लूच्या कुळातले पदार्थ वापरणारे: स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातून निघालेली आल्ट्रिस, आणि २०२१ मध्ये आपला पहिला सोडियम सेल दाखवणारी सीएटीएल. तिसरीत फॉस्फेटवाले, म्हणजे फ्रान्सची टियामाट. फॅराडियनपासून एक लांबलचक रेघ थेट मुंबईत, रिलायन्सला! फॅराडियन विकत घेण्याचा हा सौदा २०२१ च्या शेवटच्या दिवशी जाहीर झाला होता, कंपनीची किंमत १० कोटी पौंड धरून. आणि आमच्या पुण्यात एक छोटीशी जोडी दिसली: केपीआयटी ही कंपनी आणि आयसर ही संशोधन संस्था. त्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये आपलं सोडियम-आयन तंत्र जाहीर केलं. बातमी तेव्हा वाचली होती, पण ही जोडी जगाच्या नकाशात बसते कुठे, ते आत्ता पाहिलं.

आणि मग तो बिंदू! तिन्ही वस्त्यांतून रेघा निघतात आणि एकाच जागी येऊन आदळतात: हार्ड कार्बन. लिथियम ग्रॅफाइटमध्ये छान मुरतं, सोडियम त्यात नीट शिरत नाही. सन २००० मध्ये कॅनडात स्टीव्हन्स आणि डान यांनी ग्लुकोजपासून बनवलेल्या हार्ड कार्बनमध्ये सोडियम भरपूर साठवता येतं हे दाखवलं आणि सगळ्यांना ॲनोड (सेलचं ऋण टोक) सापडला. म्हणजे बघा, कॅथोडवरून एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या जवळजवळ सगळ्या कंपन्यांना ॲनोडसाठी एकाच गल्लीतून जावं लागतं. उद्या सेल कोणाचाही खपो, हार्ड कार्बन चांगला बनवणाऱ्याच्या दारात गिऱ्हाईक येणारच. शीटमध्ये ही माहिती ओळीओळीला लिहिलेली होती आणि मला कधीच दिसली नव्हती! हा कार्बन नारळाच्या करवंटीपासूनही बनतो. आमच्या कोकणात करवंट्या बंबात जातात.

शेजारी आणखी एक बारकावा. लिथियमच्या सेलमध्ये ॲनोडकडे तांब्याचा पत्रा लागतो. सोडियमला दोन्हीकडे ॲल्युमिनियम चालतं. सेलच्या तांब्याच्या पत्र्यावर ज्यांचं पोट आहे, त्यांनी हा नकाशा जरा निवांत बसून पाहावा.

गर्दीपासून लांब एक एकटा बिंदू होता, अमेरिकेची नॅट्रॉन. दोन्ही बाजूंना प्रशियन ब्लूचं कूळ, हार्ड कार्बनशी संबंधच नाही. मला ती सगळ्यात हुशार वाटली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ती बंद पडली. आल्ट्रिसबरोबर सेल बनवणाऱ्या नॉर्थव्होल्टनेही मार्च २०२५ मध्ये स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पैसा कोणाचा कधी संपेल, हे पेटंटांत लिहिलेलं नसतं. त्यामुळे आता बंद पडलेल्यांना मी राखाडी रंग देतो, पण पुसत नाही. त्यांची पेटंटं आणि माणसं पुढे कुणाकडे जातात, हे बघणं जास्त मोलाचं. दुसरी गोष्ट, पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. आज कुणी काय दाखल केलं, ते आपल्याला दीड वर्षाने दिसणार. तोवर भरती कुठल्या कामासाठी चालली आहे आणि करार कोणाशी होताहेत, यावर नजर ठेवायची.

चाकण, भोसरी, रांजणगावात सुटे भाग बनवणाऱ्यांनो, हे काम सल्लागारांवर सोडू नका. आपल्या मालाचा पेटंट कोड शोधा, पन्नास-साठ नावं काढा, ती नीट साफ करा आणि येत्या रविवारी गेफी उघडून बसा.